विनाकारण आभार

ओपेल अ‍ॅस्ट्रा, सन नव्व्याण्णव.
चार मालक करून माझ्या दारात आलेली.
ग्युमरीच्या थंडीत सकाळी आधी खोकते, मग निघते.
माझी काही तक्रार नव्हती
मार्चपर्यंत.

मार्चात डॅशबोर्डवरचं ते लाल त्रिकोणाचं बटण बिघडलं.

आमच्याकडे कुणी रस्त्यात वाट दिली
की ते दाबायचं. मागचे दिवे दोनदा लुकलुकतात,
म्हणजे, आभारी आहे, दादा.
खरं तर ते धोक्याचं बटण.
पण धोका कळवायला ते कुणी वापरत नाही,
धोका काय, समोर दिसतोच.

आता गाडी आपल्या मनाने आभार मानू लागली.
चाक खड्ड्यात गेलं, आभार.
खड्ड्याचे!
आडव्या घुसलेल्या मिनीबसचे.
दंड ठोकणाऱ्या पोलिसाचे;
तो हसला,
पावती मात्र फाडलीच.
आणि रात्री अंगणात, किल्ली माझ्या खिशात असताना
समोरची भिंत नारिंगी, काळी, नारिंगी.
तिसऱ्या मजल्यावरून हेघीने ओरडली,
वार्दगेस, कोण आलंय रे?
कुणी नाही, म्हटलं. गाडी बोलतेय.

आणि खरोखर वळायचं असलं की मुकी.
उणे नऊमध्ये खिडकीतून हात काढून वळायचो,
मागच्या सीटवर गिऱ्हाईक कुडकुडत शिव्या देई.

येरेव्हानचा दुकानदार म्हणाला, नवं बटण बारा हजार.
भंगारवाला म्हणाला, नुसतं बटण देत नाही,
अख्खा डॅशबोर्ड घे.
मग अर्पेनिककडे गेलो.

वय एकाहत्तर. अठ्ठावीस वर्षं कारखान्यात डाख दिलेले,
ते रेडिओत जायचे की रणगाड्यात
कुणी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही.
लोणी लावायच्या सुरीला फडकं गुंडाळून
तिने बटण उचकटलं, जसा दात काढावा,
आधी डावीकडून थोडं, मग उजवीकडून.
मी वाकलो तर म्हणाली,
उजेड सोड. तुझं डोकं काचेचं नाही.

आत एवढीशी हिरवी पाटी.
भिंगातून दाखवलं तिने:
एका पायाभोवती डाखाला गोल चीर,
केसाहून बारीक.
धक्का बसला की जुळते, पुन्हा सुटते.
एवढ्यावरून महिनाभर मी
साऱ्या गावाचा ऋणी होतो.

राळेचा धूर. जुन्या कथलाचा थेंब वितळला,
क्षणभर आरशासारखा चकाकला आणि विझला.
झालं, म्हणाली.
झालं नव्हतं. स्प्रिंग उडाली होती.
अर्धा तास आम्ही दोघं गुडघ्यांवर,
कपाटाखाली टॉर्च, चुंबक, तिच्या शिव्या
(कारखान्यातल्या असाव्यात, मला नवीन होत्या).
शेवटी सापडली तिच्याच स्वेटरच्या बाहीवर,
लोकरीत अडकून बसलेली.

पैसे घेईना.
घेतले तर पुन्हा बिघडल्यावर माझ्या नावाने बोंब मारशील.
शनिवारी बटाट्यांचं पोतं आणून दे,
आणि वर चढवून.
लिफ्ट? लिफ्टचं बटण मी दुरुस्त करत नाही.

अंगणाच्या तोंडाशी गाडी थांबवली.
तिची खिडकी वर, उजेड होता.
बटण दाबलं. आतून तो स्वच्छ आवाज आला,
टिक, टाक.
दोनदा झाल्यावर बंद केलं.
पुन्हा दोनदा.
ती खिडकीशी नव्हती,
बहुधा ओट्याशी, किटलीत पाणी भरत असेल.
तरी एकदा अजून दाबलं.

तीन दिवसांनी एका बाईचा लहान मुलगा
पुढच्या सीटवर बसला, बराच वेळ बघत राहिला,
मग म्हणाला, काका,
तुमचा त्रिकोण डोक्यावर उभाय.

खरंच. टोक खाली.
घाईत तिने उलटा बसवला होता,
आणि मीही तीन दिवस
त्यावर बोट ठेवत होतो, पण पाहिला नव्हता.

पुन्हा उचकटायला फक्त सुरी लागेल आणि फडकं.
शनिवारी पोतं घेऊन जाणारच आहे.
सांगावं का तिला,
अजून ठरवलेलं नाही.